परंदवडीचं घर आम्ही घेतलं नाही

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. सातवी-आठवीच्या मुलांना "का?" विचारायची सवय लावणं हेच माझं काम. भुतंखेतं, नजर, करणी... यातलं मी कधीच काही मानलं नाही. आजही मानते असं नाही. पण जे घडलं ते घडलं, आणि या सदरातले इतरांचे अनुभव वाचून वाटलं की आपणही एकदा सगळं नीट क्रमाने लिहून काढावं. नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

माझा नवरा नितीन याची नाशिकहून तळेगावजवळच्या एका कंपनीत बदली झाली. आमची सई तेव्हा सहा वर्षांची, एकुलती एक, जूनमध्ये पहिलीत जाणार होती. शाळा सुरू व्हायच्या आत घर लागायला हवं होतं. पुण्यात राहून रोज ये-जा करायचा विचार हायवेचं ट्रॅफिक बघून लगेच सोडला, आणि मार्चमधल्या एका शनिवार-रविवारी आम्ही तिघं मावळात घरं बघत फिरलो.

शनिवार लोणावळ्यात गेला. तुंगार्लीत तलावाच्या अलीकडे एका बंगल्याचा वरचा मजला मला फार आवडला होता. पण आजूबाजूचे सगळे बंगले पर्यटकांना दिलेले, भर दुपारी स्पीकर चालू. सईला खेळायला शेजारी कोण मिळणार? रविवारी सकाळी शिरगाव बघितलं. तिथे मंदिरात येणाऱ्या गाड्यांची इतकी गर्दी, की आमचीच गाडी गल्लीतून बाहेर निघेना. शेवटी दोन घरं उरली. एक तळेगाव स्टेशनजवळचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट — ठीकठाक, जरा अंधारा. दुसरं परंदवडीचं रो-हाऊस.

परंदवडीला पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. लख्ख ऊन. गावाच्या थोडं बाहेर एका ओळीत चार नवी घरं, मागे उसाचं शेत. आम्हाला दाखवायचं घर टोकाचं. एजंट म्हणाला की घर कोरं आहे, अजून कोणी राहायला आलेलं नाही. मागच्या बाजूला एक छोटी खोली होती, खिडकीतून थेट शेत दिसायचं. नितीन म्हणाला, ही पिल्लूची खोली. मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी तिथे पलंगसुद्धा लावून टाकला होता.

नितीन आणि एजंट गच्ची बघायला वर गेले. सई दमली होती, म्हणून ती दारासमोर गाडीतच बसली होती. मी तिला बघायला अंगणात आले, तेवढ्यात शेजारच्या घरातून एक म्हाताऱ्या मावशी बाहेर आल्या. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदलेलं. माझ्याकडे बघून थेट म्हणाल्या, "आलात व्हय, ताई? लय दिस झालं."

त्यांची काहीतरी गल्लत होतेय असं सांगणार होते, पण त्या बोलतच राहिल्या. मी किती वाळले होते, तेव्हापेक्षा आता जरा बरी दिसतेय... नवरा कसा आहे... मी हसून मान हलवत राहिले. म्हाताऱ्या माणसांचं होतं असं. मग त्यांचं लक्ष गाडीकडे गेलं. बराच वेळ त्या सईकडे बघत राहिल्या.

"ही धाकटी व्हय?" त्यांनी विचारलं. "थेट सईवानी दिसती."

आम्ही तिथे आल्यापासून सईला कोणी नावाने हाक मारली नव्हती. घरात आम्ही तिला पिल्लू म्हणतो. मी काही विचारणार, तेवढ्यात मावशी "थांबा, तुमची वस्तू राह्यलीय माझ्याकडं" असं म्हणत आत गेल्या आणि एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. आपल्याकडे कार्यात वाटतात ना, तसा झाकणाचा, शेरभर मावेल एवढा. म्हणाल्या, "कार्यात वाटलेलं डबं. माझ्याकडं दोन आलं, एक तुमाला माघारी द्यायचा राह्यला." डबा माझ्या हातात देऊन त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आत निघून गेल्या.

झाकणावर मशिनने नाव कोरलेलं होतं. *कै. कु. सई नितीन* आणि पुढे आमचं आडनाव. खाली *हिच्या स्मरणार्थ — आई-बाबा*. त्याखाली एक तारीख, येत्या ऑगस्टमधली. ती तारीख मी इथे लिहिणार नाही.

नितीन खाली आला तेव्हा मी गाडीत सईला मांडीवर घट्ट धरून बसले होते. ऊन असूनही काचा वर केलेल्या. मी डबा त्याच्या हातात दिला. त्याने आधी वाचलं, मग अंगठ्याने ती अक्षरं घासून बघितली. मग तरातरा मावशींच्या घराकडे गेला. दाराला बाहेरून कडी होती.

संध्याकाळी नितीनने एजंटला फोन करून चांगलं फैलावर घेतलं, पण एजंटकडे फक्त नितीनचं नाव आणि नंबर होता. मुलीचं नाव त्याला माहीतच नव्हतं. कुणीतरी वाईट चेष्टा केलीय, एवढंच नितीन म्हणत राहिला. कुणी आणि का, हे मात्र त्यालाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशनजवळच्या फ्लॅटचं नक्की केलं.

डबा मी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला. भंगारात द्यायचा धीर होईना.

सगळं रुळावर येत होतं. सईची शाळा सुरू झाली, मलाही तळेगावातल्याच एका शाळेत नोकरी मिळाली. जुलैमध्ये एजंट एकदा रस्त्यात भेटला आणि सहज बोलता बोलता म्हणाला, ते परंदवडीचं घर गेलं, लातूरकडचं कुटुंब आलंय, त्यांनाही छोटी मुलगी आहे. त्यानंतर मला चैन पडेना. नितीन म्हणाला, आपण मध्ये पडू नये, लोक वेडं समजतील. पण एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी एकटीच डबा पिशवीत घालून परंदवडीला गेले.

आधी मावशींकडे गेले. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "कुटनं आलात?" त्यांनी मला ओळखलंच नाही. मी डबा दाखवला, मार्चमधली आठवण करून दिली. त्या माझ्याकडे काळजीने बघत होत्या, जणू माझंच काहीतरी बिघडलंय. हा डबा त्यांचा नव्हता, आणि त्या घरात तर हे पहिलंच बिऱ्हाड आलेलं.

मग शेजारी गेले. रोहिणी, पंचवीस-सव्वीसची, शांत मुलगी. तिची दोन वर्षांची पोर कडेवर. मी सगळं सांगितलं. तिने झाकणावरचं वाचलं आणि म्हणाली, "ताई, पण यावर नाव तुमच्या मुलीचं आहे. मग तुम्ही मला कशाला सांगायला आलात?"

तिला माझा नंबर देऊन मी निघाले.

तो दिवस उजाडला. नितीनने रजा टाकली, मी टाकली, सईला शाळेत पाठवलं नाही. बाहेर धो धो पाऊस. गीझर बंद, गॅस बंद, बाल्कनीचं दार बंद. दुपारचं जेवणही आदल्या दिवशी करून ठेवलेलं. सई कंटाळून चित्रं काढत बसली आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. एक क्षणही मी हॉलमधून हलले नाही. दिवस गेला. काहीही झालं नाही. दिवेलागणीला नितीनने सईला उचलून गोल फिरवलं आणि मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणीचा फोन आला.

"ताई, बरं वाटतंय का आता?" तिने विचारलं. "काल तुम्हाला तसं बघून मला झोप नाही लागली."

मला काही कळेना. मी विचारलं, काल म्हणजे? तेव्हा तिने सांगितलं ते असं. काल दुपारी चारच्या सुमाराला मी तिच्याकडे गेले होते. पावसात पूर्ण भिजलेली. दार उघडताच काही न बोलता मी मागच्या खोलीत गेले, खिडकीखाली जमिनीवर बसले आणि खूप रडले. तिने टॉवेल दिला, चहा केला, मी कशाला हात लावला नाही.

मी कसंबसं विचारलं, मी काही बोलले का?

"निघताना एकच," रोहिणी म्हणाली. "सई कुठाय, असं विचारलंत. मी म्हटलं, अहो ताई, असं काय करता? सई तुमच्याच घरी आहे की, तळेगावला. तेव्हा तुमचं रडं थांबलं. माझा हात धरून दोनदा विचारलंत, जिवंत आहे? तळेगावला? आणि मग हसलात."

पुढे ती म्हणाली, "मला ते हसणं बघवलं नाही, ताई."

त्या महिन्याअखेर आम्ही तळेगाव सोडलं. नितीनने कारण विचारलं नाही. आता कुठे राहतो ते मी कुणालाच सांगत नाही, इथेही लिहीत नाही. या सगळ्याचा अर्थ काय, ते मला आजही कळलेलं नाही. वर्गात मुलं "का?" विचारतात तेव्हा हल्ली मी थोडी अडखळते. त्या दिवशी रोहिणीकडे आलेली ती बाई कोण होती, याचा विचार मी टाळते. पण कधी कधी सई शाळेच्या फाटकातून बाहेर येताना दिसते आणि मनात येतं, माझी सई गेली असती, आणि कुणीतरी मला सांगितलं असतं की ती एका गावात जिवंत आहे, तर मी काय केलं असतं?

मी तिला शोधत आले असते.