दुपारी रात्र होणारं घर

कॉलेजात तिला सगळे कुजबुज म्हणायचे. नाव कुणी वाकडेपणानं ठेवलं नव्हतं, ती बोलायचीच तशी. शेजारच्या मुलीकडे पेन मागायचं तरी घरातलं गुपित सांगितल्यासारखी मागायची. मग शेजारची मुलगीही नकळत खाली वाकून, तोंडावर हात धरून विचारायची, "निळं चालेल का?"

याला कारण तिचं घर. तिचे बाबा एका बेकरीत भट्टीवर कामाला होते. दिवेलागणीला डबा घेऊन निघायचे, रात्रभर पीठ मळून, साचे भरून, पाव भाजून सकाळी परतायचे. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पिठाचा पातळ थर असायचा. लहानपणी तिला वाटायचं, बाबा रोज रात्री म्हातारे होतात आणि आंघोळ केली की पुन्हा तरुण होतात. चार घास पोटात गेले की ते आडवे व्हायचे आणि त्या घरात रात्र सुरू व्हायची.

आई खिडकीवर जाड काळी चादर ताणायची. दाराची बेल तिनं केव्हाच काढून टाकली होती. खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधलेल्या, भांड्यांच्या थरांमध्ये फडकी. ओट्यावर पातेलं ठेवायचं तर आधी करंगळी टेकवायची, तिच्यावर पातेलं उतरवायचं आणि मग करंगळी हळूच काढून घ्यायची. चालायला लागल्यावर लेकीला आईनं पहिली विद्या शिकवली ती ही. हसायचं तर उशीत तोंड खुपसून, भांडायचं तर नुसत्या डोळ्यांनी. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी शिवणयंत्र चालू केलं की आई अनवाणी जिना चढून जायची आणि दारात हात जोडून उभी राहायची. मावशी कपाळाला हात लावायच्या. "अगं, माणूस झोपलाय की राजा?"

चादरीला एका ठिकाणी बारीक भोक होतं. ऊन चढलं की त्यातून रस्ता आत यायचा, पण उलटा. समोरच्या भिंतीवर माणसं डोकं खाली, पाय वर करून चालायची. सायकली छताला लागून सरकायच्या. खाली बाबांचा श्वास, वर ते पुसट, बिनआवाजाचं जग. ती पलंगाच्या कडेला बसून तासन् तास बघत राहायची. कोण एकटं चाललंय, कोण कुणाच्या मागे दोन पावलं राहतंय, कोण कुणाला बघून रस्ता बदलतंय. कंटाळा तिला ठाऊकच नव्हता.

समाजशास्त्राकडे ती गेली तीही या आवाजापायीच. प्रवेशाच्या खिडकीवर कारकुनानं विचारलं, "विषय?" ती म्हणाली, "मानसशास्त्र." मागे रांगेचा गलका, डोक्यावर पंख्याची खडखड. कारकुनानं "समाजशास्त्र" असं लिहून शिक्का मारला. चूक दाखवायची तर मोठ्यानं बोलावं लागलं असतं. ती पावती घेऊन घरी आली.

"काय मिळालं?" आईनं ओठांनीच विचारलं.

"मानसशास्त्र मागितलं, समाजशास्त्र मिळालं."

"ते काय असतं?"

"अजून माहीत नाही."

"बरं. हळू बोल."

समाजशास्त्राच्या मॅडम उंच, सडसडीत, चष्मा केसांवर चढवून तोच टेबलावर शोधणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "जी गोष्ट आपोआप होते असं वाटतं, तिथे थांबा. आपोआप काही होत नाही. कुणीतरी ती शिकवलेली असते, आणि तुम्ही कधी शिकलात हे विसरलेले असता." बाकीच्यांनी ते वाक्य उतरवून घेतलं. कुजबुजनं आपल्या करंगळीकडे पाहिलं.

त्या दिवसापासून ती स्वप्नात चालल्यासारखी चालायला लागली. बसथांब्यावर अनोळखी माणसं एकमेकांपासून सारख्या अंतरावर उभी आहेत, जणू कुणी खडूनं खुणा करून ठेवल्यात. लिफ्टमध्ये शिरलेला प्रत्येक जण वळून दाराकडे तोंड करतो. दवाखान्यात नंबर येईपर्यंत सगळे आवाज खाली आणतात, तेही न सांगता. तिला वाटायचं, शहरभर बारीक धागे ताणलेले आहेत आणि माणसं ते न बघताच चुकवत चालली आहेत. धागे बघण्याच्या नादात ती दोनदा चुकीच्या बसमध्ये बसली. एकदा शेवटच्या थांब्यापर्यंत गेली आणि कंडक्टरनं उतरवलं तेव्हा आपण कुठे आहोत हे विचारायचंही तिच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. वर्गात विषय सांगायची पाळी आली तेव्हा ती पुटपुटली. मॅडम जवळ आल्या. "पुन्हा सांग."

"झोप."

वर्ग खो खो हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "कुंभकर्णाची मुलाखत घेणार वाटतं!" दुसरा म्हणाला, "मॅडम, या विषयात माझा अनुभव दांडगा आहे." मॅडमही हसल्या, पण तिच्या बाकाशीच थांबल्या. "झोपच का?"

"माझ्या घरी दुपारी रात्र असते," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुझ्या एकटीच्याच घरी?"

याचं उत्तर शोधायला ती बाहेर पडली.

दिवसा झोपणारी माणसं सापडायला वेळ लागला नाही. भर दुपारी खिडकी झाकलेलं घर दिसलं की ती हलकेच दारावर टिचकी मारायची. रात्रपाळीची एक नर्स सापडली. तिच्या सासूबाई दारातच स्टूल टाकून बसलेल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला बोटानंच पुढे हाकणाऱ्या. छापखान्यात खिळे जुळवणारा एक जुळारी सापडला. त्याची दोन पोरं दिवसभर मुक्यांच्या खुणांनी खेळायची आणि रविवारी दुप्पट किंचाळायची. एका गोदामाचा पहारेकरी सापडला. त्याला घर नव्हतं. गोदामामागच्या जिन्याखाली बूट उशाशी घेऊन तो झोपायचा. "झोप कसली ताई," तो म्हणाला, "सशाची झोप. एक कान उघडाच." मग जांभई देत म्हणाला, "मोठी माणसं सांगतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. माझं अंथरूण म्हणजे एक पायरी. पाय पसरू कुठे?"

हे सगळं तिनं मॅडमना सांगितलं. "झोपणाऱ्यांकडे तू पुष्कळ बघितलंस," त्या म्हणाल्या, "आता त्यांची झोप राखणाऱ्यांकडे बघ. ज्याला राखणदार नाही त्याची झोप सशाची. बरोबर ना?"

आणि नेमक्या त्याच दिवसांत तिच्या घरची रात्र संपली.

बेकरीत नवी भट्टी आली. भट्टीपाशी रात्रभर जागायची गरज उरली नाही, सगळी कामं दिवसपाळीत गेली. बाबा सकाळी डबा घेऊन निघायला आणि संध्याकाळी परतायला लागले. पहिल्या सुट्टीच्या दिवशी आईनं खिडकीवरची चादर काढली. दुपारचं ऊन बेधडक आत आलं. बाबा पलंगावर पाहुण्यासारखे अवघडून बसले होते. त्यांनी चौफेर बघितलं.

"ही भिंत पिवळी आहे होय?"

"हो," आई म्हणाली. "तुम्हाला कुठली वाटत होती?"

"मला वाटलं, राखाडीच."

कुणीच मोठ्यानं हसलं नाही. कुणाला जमेना. बाबांना रात्री झोप येईना, दुपारी आलेली झोप कामावर घेता येईना. पिठात हात घालून उभ्या उभ्या त्यांना पेंग यायची. पण खरी हरवली ती आई. बाबा कामावर, घर रिकामं, तरी ती करंगळीवरच पातेलं उतरवायची. वर शिवणयंत्र चालू झालं की दचकून चपला काढायची आणि दारापर्यंत जाऊन थांबायची.

एका दुपारी आई ताटं पुसत असताना कुजबुज तिच्यासमोर बसली. "आई, तुला काही विचारायचंय. प्रकल्पासाठी."

"मला? मी कुठे दिवसा झोपते?"

"म्हणूनच. बाबा झोपायचे तेव्हा तू काय करायचीस?"

"काय करणार? तांदूळ निवडायचे. दाराशी बसायचं."

"आणि मनात?"

आई लाजत म्हणाली, "घर बांधायचे."

"कसलं घर?"

"असंच, मनातलं." एकदा सुरुवात झाल्यावर ती थांबेना. त्या घराला लांब व्हरांडा होता. आधी एकच खोली होती, मग दरवर्षी ती एकेक वाढवत गेली. पुढे मागच्या बाजूला विहीर काढली. जिन्याचे कठडे पसंत पडेनात म्हणून पाडून पुन्हा बांधले. "पावसात पश्चिमेकडून गळायचं, ते दुरुस्त करण्यात एक अख्खा पावसाळा गेला," असं ती अगदी खरं सांगितल्यासारखं म्हणाली. "आणि तिथे सगळे मोठ्यानं बोलायचे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाका मारायचे. तुझे बाबा तर गायचेसुद्धा."

"बाबांना गाता येतं?"

"त्या घरात यायचं."

मग आईचा आवाज अगदीच खाली गेला. "आता राखायला कुणी नाही, तर ते घरही दिसत नाही गं. मी बसते, डोळे मिटते, पण नुसता अंधार."

बाबा केव्हा आले होते कुणास ठाऊक. डोकं दुखतं म्हणून लवकर परतले होते आणि दारातच उभे होते. आत येऊन ते खाली बसले. "एक सांगू?" ते म्हणाले. "मला बऱ्याचदा झोप लागायचीच नाही."

आईनं मान वर केली. "म्हणजे?"

"उकाड्यात तर मुळीच नाही. पण तुम्ही इतकं जपून वागायचात. उठून बसलो असतो तर ते सगळं पाण्यात गेलं असतं. म्हणून डोळे मिटून पडायचो. तुमचं बोलणं ऐकायचो. शेजारी काय झालं, हिला शाळेत कोण चिडवतं, सगळं. हिचं ते मानसशास्त्राचं समाजशास्त्र झालेलंही मला माहीत आहे."

"म्हणजे इतकी वर्षं सोंग?" आई म्हणाली.

"सोंग नाही," बाबा म्हणाले. "सोबत."

आईनं हातातलं ताट जमिनीवर आदळलं. इतका मोठा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता. तिघेही दचकले. मग आईला हसू फुटलं, मग बाबांना, आणि वरचं शिवणयंत्र एकदम थांबलं. "काय झालं गं?" मावशींनी जिन्यातून हाक मारली. "काही नाही!" आई ओरडली आणि स्वतःच्याच आवाजानं घाबरून तिनं तोंडावर हात ठेवला.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरगावाहून एक परीक्षक आले. वयस्कर, भारदस्त, कोटाच्या खिशाला दोन पेनं. कुजबुज उभी राहिली, बोलू लागली. "मोठ्यानं," परीक्षक म्हणाले. तिनं गळ्याला ताण दिला, पण आवाज होता तेवढाच राहिला. कुणीतरी उठून पंखा बंद केला. मागच्या बाकावरची मुलं पाय न वाजवता पुढे येऊन बसली. वर्गात शांतता दाटत गेली आणि त्या शांततेत ती सांगत राहिली. स्टुलावरच्या सासूबाई, मुकाट खेळणारी मुलं, जिन्याखालचे बूट, मनातल्या घराची विहीर.

विहिरीपाशी येईपर्यंत परीक्षकांची मान छातीवर आली होती.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं आणि तिला हातानं खूण केली, चालू ठेव. ती आणखी हळू बोलायला लागली. बाहेर कुणी मोठ्यानं बोलत गेलं तेव्हा झोपेच्या विषयात आपला अनुभव दांडगा असल्याचं सांगणारा मुलगाच चवड्यांवर धावत जाऊन दार लावून आला. ऊन बाकांवरून सरकत होतं. सगळा वर्ग एका अनोळखी म्हाताऱ्या माणसाची झोप राखत बसला होता, आणि तसं करायला कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

ती थांबली तसे ते जागे झाले. त्यांनी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा त्या वर्गाकडे बघितलं आणि त्यांच्या सगळं ध्यानात आलं. "रात्रभर गाडीत उभा होतो," ते ओशाळून म्हणाले. "डोळ्याला डोळा लागला नव्हता." मग चष्मा पुसत म्हणाले, "फार दिवसांनी इतकं छान झोपलो. प्रश्न विचारायला तोंड उरलं नाही मला."

गुण मात्र त्यांनी बेतानंच दिले. संदर्भसूची अपुरी होती.

पदवीनंतर कुजबुजला घरोघरी जाऊन पाहणी करण्याचं काम मिळालं. दारं तिच्यासाठी सहसा उघडायची. आवाज ऐकायला माणसं उंबऱ्यापर्यंत यायची आणि आली की बसायला सांगायची. बाबांची झोप वर्षभरानं रुळली, पण पहाटेच उठून बसायची सवय राहिली ती राहिलीच. आईनं कुणालाच न विचारता नोकरी धरली, तरणतलावाच्या तिकीटखिडकीवर. दुपारची पाळी तिनं मुद्दाम मागून घेतली. तिथे पोरांचा असा कल्ला असायचा की तिकिटाचा दरही ओरडून सांगावा लागायचा. पहिला महिनाभर तिचा घसा बसलेला होता.

त्या उन्हाळ्यात तलावावरच्या प्रशिक्षक बाईंनी आईला पोहायला शिकवलं. मग आईनं लेकीला ओढलं. कुजबुज काठाला घट्ट धरून उभी होती, तेव्हा आई म्हणाली, "पाठीवर पड. मी धरते." पाठीखाली आईचा तळहात लागला. कान पाण्याखाली गेले आणि तो सगळा कल्ला एका क्षणात विरला. वर नुसतं आभाळ होतं. आईनं तळहात हळूच काढून घेतला होता आणि शेजारी तीही पाठीवर तरंगत होती, डोळे मिटून, ओठ हलवत.

कुजबुजनं मान वर काढली. "काय म्हणतेस?"

"काही नाही," आई डोळे न उघडता म्हणाली. "व्हरांड्याला रंग देतेय."