दाढीच्या तेलाची वाटी

माझ्या नवऱ्याच्या तोंडावर देवानं एक गल्लत करून ठेवली होती. दाढीचे केस राठ आणि कातडी मात्र लहान मुलासारखी नाजूक. दर बुधवारी गावचा न्हावी आमच्या ओट्यावर यायचा, वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून गाल चोळायचा आणि वस्तरा ओढायला लागायचा. ती खरखर मला माजघरात ऐकू यायची. पुढचे दोन दिवस गालावर तांबडे फोड. भाकरी चावताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण दाढी दुखते असं पुरुषानं सांगायचं कुणाला? गाव हसलं असतं.

आमचं घर आंबीच्या अलीकडं, इंद्रायणीच्या काठाला. मी लग्न होऊन तिथं आले तेव्हा थोरांसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. त्याला पाणी द्यायचं तेसुद्धा उंबऱ्यावर तांब्या ठेवून मागं सरायचं. रात्री बोलावं म्हटलं तर मध्ये एक कणगी आणि तिच्या पलीकडं सासू-सासरे. सासऱ्यांचा खोकला जणू आमच्या उशाशीच. नवरा कसा बोलतो, काय बोलतो, हे मला कितीतरी दिवस ठाऊकच नव्हतं. भाकरी वाढताना दिसायचा तेवढाच माझा.

माझी आई माझ्या वडिलांच्या तोंडाला दाढीआधी तेल चोळायची. ते मला आठवलं आणि एका बुधवारी मी धीर करून सासूला म्हटलं, "आत्याबाई, ह्येंच्या गालाला आमच्या आईकडं औषध हाय."

सासू सूप पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "औषध हाय तर लाव की. पर लौकर आटप."

औषध हा शब्द तोंडून निघाला ते फार बरं झालं. नुसतं तेल म्हटलं असतं तर नवऱ्याच्या तोंडाला दिवसाढवळ्या हात लावते म्हणून तिनं मला फाडून खाल्लं असतं. औषधाला मात्र कुणाची हरकत नव्हती.

तेल आमच्या वरकसातल्या, म्हणजे वरच्या हलक्या रानातल्या, खुरासणीचं. दसऱ्याच्या सुमाराला डोंगराच्या उताराला ती पिवळीधमक फुलते, तीच ही, कुणी तिला कारळा म्हणतं. तळेगावच्या तेल्याच्या घाण्यावर काढून आणलेलं तेल आम्ही भाजीलाही वापरायचो आणि डोक्यालाही लावायचो. दाढीसाठी मी त्यातलं वरचं निवळ तेवढं वेगळ्या बाटलीत काढून ठेवायची. बुधवारी न्हावी यायच्या आधी पितळेची लहान वाटी चुलीच्या वैलावर, बाजूच्या मंद आचेवर, ठेवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा आणि ओट्यावर जायचं. गळ्यापासून वर, केसांच्या उलट्या अंगानं चोळायचं. हनुवटीखाली त्याच्या केसांना भोवरा होता, तिथं बोट गोल फिरवावं लागायचं. तेल मुरलं की ऊन पाण्यात पिळलेलं फडकं गालावर दाबून धरायचं, आणि मग न्हाव्याच्या ताब्यात द्यायचं.

न्हावी आधी कुरकुरला. "वैनी, तेलानं वस्तरा घसरतो," म्हणाला. तो घसरला नाही, लोण्यातून जावा तसा गेला. चार बुधवार झाले आणि गाल साफ झाले. मग तोच दारातनं हाळी द्यायला लागला, "वैनी, तेल आणा!"

आणि तेल मुरेपर्यंत माझा नवरा बोलायचा! ओठ न हलवता, डोळे मिटून, अगदी हळू. सासूला वाटायचं औषध चाललंय. बैलाला एका डोळ्यानं कमी दिसतं, हे त्यानं मला तिथं सांगितलं. लहानपणी नदीत बुडता बुडता वाचला, तेव्हापासून पाण्यात उतरायला भितो, हेही तिथंच. हे त्यानं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी काही बोलले की त्याच्या गालाखालचं हसू माझ्या बोटांना कळायचं. सात दिवसांच्या आठवड्यातला तेवढाच वेळ माझा होता. बाकीचा आठवडा मी त्याच्या जोरावर काढायची.

मूल मात्र होईना. व्रतं झाली, अंगारे झाले, नवस झाले. शेवटी सासू म्हणाली, दुसरी करायची. घरात सवत येणारच होती, तेव्हा माझ्या आईनं माझी पाठची बहीण पुढं केली. मी हो म्हणाले. तेव्हा गाव म्हणालं, काय मोठं मन आहे पोरीचं. मन वगैरे काही मोठं नव्हतं. परकी आली असती तर मला वर्षाच्या आत माहेरची वाट दाखवली असती, एवढं मला कळत होतं.

हळदीच्या दिवशी न्हावी आला. नवऱ्या मुलाची दाढी करायचा त्या दिवशी त्याचा मान असतो. ओट्यावर बायकांची गर्दी झाली होती. तो सवयीनं ओरडून गेला, "वैनी, तेल आणा," आणि मग त्याची त्यालाच लाज वाटून जीभ चावली. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी वाटी घेऊन बाहेर आले आणि माझ्याच नवऱ्याचं तोंड माझ्याच बहिणीसाठी मऊ केलं. बोटं भाजत होती, तेल तितकं तापलेलं नव्हतं तरी. तो डोळे मिटून म्हणाला, "कोण बी येऊ दे. ह्ये काम तुपलंच."

तुपलं म्हणजे तुझं, आमच्या मावळात असंच म्हणतात. त्या एका शब्दावर मी बहिणीला घरात घेतलं. चूल दिली, घरातला झोपायचा खण दिला, माझा चोळखण दिला. तिला दिवस गेले तेव्हा तिचे डोहाळे पुरवले. पोरगा झाला, त्याला न्हाऊ-माखू घातलं. रात्री ती कणगीच्या अलीकडं आणि मी पलीकडं सासूच्या शेजारी पडायची, तेही मी सहन केलं. पण बुधवारच्या वाटीला तिला हात लावू दिला नाही. एकदा ती सहज वाटी उचलून निघाली होती. मी तिच्या हातातनं अशी हिसकली की अर्धं तेल जमिनीवर. ती रडली. रडू दे म्हटलं.

मग रेल्वे आली मध्ये. लोणावळ्याच्या यार्डात खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे गडी, घेत होते. जायचं त्याच्या मनात आहे हे मला सगळ्यांच्या आधी कळलं, अर्थात ओट्यावर. मी त्याला म्हटलं, "जावा." मला वाटलं मलाही नेईल. पण पोरगं अंगावर पिणारं, त्याला आई पाहिजे. सासूला शेतात हात पाहिजे. तिनं दोन वाक्यांत निकाल लावला. बहिणीची रवानगी लोणावळ्याला आणि माझी भातखाचरात.

मी काय करणार? मी तेल पाठवायला लागले. गावातला एक जण त्याच्याच यार्डात होता, तो आला-गेला की त्याच्याबरोबर बाटली. निवळ काढलेलं, फडक्यानं दोनदा गाळलेलं.

दिवाळीला तो आला. गाल कसे गुळगुळीत, दगडी पाट्यासारखे. एकसुद्धा फोड नाही! अंगाला कसला तरी गोड वास. न्हावी आला तर त्याला म्हणाला, "मी कालच क्येली." माझी वाटी वैलावर तापून तापून धुरायला लागली.

तेव्हापासून माझी झोप उडाली. म्हणजे बहीण चोळायला शिकली! गळ्यापासून वर, उलट्या अंगानं. तो भोवरा तिला सापडला असेल. तिची बोटं माझ्यापेक्षा लांब आणि बारीक, माझी खुरपं धरून धरून बोथट झालेली. आणि तो तिच्याशी बोलत असेल. तिथं सासू नाही, न्हावी नाही, घाई नाही. बैलाचं, नदीचं, सगळं सांगून झालं असेल. पोरगा तिचा झाला तेव्हासुद्धा मी इतकी जळले नव्हते. खरं सांगते, भात कापताना विळा ओढत मी तिला शिव्या द्यायची, आणि ती माझ्या पाठची, माझ्या कडेवर वाढलेली बहीण.

त्यात बाटल्या फार लवकर रिकाम्या होऊन यायच्या. दाढीला तेल लागतं ते किती? बोटभर. आणि इथं आज दिलेली बाटली पुढच्या फेरीला कोरडी ठणठणीत परत! एवढं तेल कुणाच्या तोंडाला लागतं? नवऱ्याचं तोंड चोळते का म्हैस चोळते, असं मी एकदा रागानं मोठ्यानं बोलले. सासू म्हणाली, "काय गं?" मी म्हटलं, "काय न्हाई."

भाताची मळणी झाल्यावर नव्या आंबेमोहराचं निमित्त केलं. गाठोडं डोक्यावर घेतलं, तळेगावला गाडी धरली आणि लोणावळ्याला उतरले. त्यांची खोली यार्डाच्या मागं, ओळीनं बांधलेल्या खोल्यांतली एक. बहिणीनं मला मिठी मारली. पोरगा "मोठी आय" म्हणत पायाला बिलगला. तो कामावरून काळाठिक्कर होऊन आला, मला बघून हसला आणि गावाकडचं सगळं विचारत बसला. मी मात्र सकाळची वाट बघत होते.

सकाळ झाली. त्यानं खिडकीपाशी खिळ्याला आरसा अडकवला. पत्र्याच्या डब्यातनं साबणाची वडी काढली, लहानसा कुंचला पाण्यात बुडवला आणि तोंडभर पांढरा फेस केला. गोड वास खोलीभर पसरला. दिवाळीत आला होता तोच! मग एक चिमुकलं पातं बसवलेलं हत्यार घेऊन स्वतःच्या हातानं दाढी करायला लागला. यार्डातल्या साहेबाला खुरटी दाढी चालत नाही, रोज करावी लागते, असं म्हणाला. माझी बहीण पाठमोरी बसून वांगी चिरत होती. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मला इतका आनंद झाला की मी पोराला उचलून त्याचे मुके घेतले. ती चोळत नव्हती! कुणीच चोळत नव्हतं. तिला तो भोवरा माहीतच नव्हता. एवढे दिवस मी उगीच रक्त आटवलं. बहिणीवर एकदम माया आली, तिच्या हातातली वांगी घेऊन मीच चिरायला बसले.

जेवायला बसलो. पहिला घास तोंडात घातला आणि थांबले. वांग्याला माझ्या तेलाचा वास होता. खुरासणी काही जगात एकाच घरी होत नाही, पण आपलं तेल आपल्याला कळतं.

"कसं झालंय, आक्का?" बहीण म्हणाली. "तुजं तेल आलं की मी वांगीच करते. ह्ये दुसऱ्या तेलातली खात न्हाईत. तुज्या तेलातली आसली की दोन भाकरी जास्ती."

मी विचारलं, "ह्ये तेल भाजीला हाय, आसं तुला कोण म्हणलं?"

"ह्येच म्हणले. आक्कानं खायाला धाडलंय म्हणले. का गं?"

मी त्याच्याकडं बघितलं. तो भाकरी कुस्करत होता. त्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा खाली घातली आणि वाटी पुढं करून बहिणीला म्हणाला, "आन जरा."

"खायालाच धाडलंय," मी म्हटलं.

दुपारी तो मला गाडीवर घालायला आला. फलाटावर आम्ही दोघंच बाकावर बसलो. इतकी वर्षं झाली लग्नाला, पण उघड्यावर असे शेजारी शेजारी कधी बसलो नव्हतो. इथं सासू नव्हती. बोलायला कुणाची आडकाठी नव्हती, औषधाचं निमित्तही नको होतं. मी वाट बघितली. तो रुळांकडं बघत बसला. शेजारी बसूनही मला त्याचे फक्त गाल दिसत होते. साबणानं ते कोरडे पडले होते, कानाखाली बारीक सालं निघत होती. माझा हात उचलत होता, तो मी पदरात गुंडाळून धरला.

शेवटी तोच म्हणाला, "साबनाला तेल लागत न्हाई. तुला कसं सांगावं त्ये कळंना."

"सांगायचं की."

"तू गाळून बिळून धाडतीस. नगं म्हणवंना." मग जरा थांबून, माझं मन राखायला म्हणून, म्हणाला, "पर धाडत ऱ्हा. वांगी लय झ्याक व्हत्यात."

गाडी आली. त्यानं मला बायकांच्या डब्यात बसवलं, रिकामी बाटली खिडकीतनं हातात दिली आणि गाडी हलायच्या आधीच कामाची वेळ झाली म्हणून गेला.

मला कुणी शेजारीण भेटली असती तर तिला काय सांगितलं असतं? सवतीचं पोर बघून पोट दुखतं, तिचा संसार बघून दुखतं, हे बायकांना समजतं. मला त्या दिवशी वांग्यांचा मत्सर वाटत होता. रागानं डोळे भरून आले होते आणि तो राग ना बहिणीवर काढता येत होता, ना त्याच्यावर. दोघांनी माझं काहीच घेतलं नव्हतं. माझं जे होतं ते नुसतं कुणाला लागेनासं झालं होतं.

तेल मी पुढंही पाठवलं. दोनदा गाळायचं मात्र सोडलं. भाजीला एकदा गाळलेलं पुरतं. सासूनं विचारलं, "गुण येतोय का गं त्येला औशिदाचा?" मी म्हटलं, "येतोय, आत्याबाई. त्येंच्या तोंडाला चांगलंच लागलंय."