विनीताई काय म्हणाली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवासमोर बसले तरी एवढं वगळूनच नमस्कार करते.

म्हटलं तर गोष्ट हसण्यासारखी आहे. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. रत्नागिरीत आमच्या आळीत व्हिडिओ फक्त आमच्याकडे. धाकटे दीर इंग्लंडात असत. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर ते तिकडच्या एका टीव्ही मालिकेच्या कॅसेटी धाडायचे. वर्षानुवर्षं चाललेली, न संपणारी मालिका. तिच्यात विनी नावाची पन्नाशीची विधवा — दारूचा गुत्ता चालवणारी, तोंडाळ, खदाखदा हसणारी. आणि आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, तिच्या भक्त! विशीत विधवा होऊन माहेरी परतलेल्या, कांदालसणाला न शिवणाऱ्या वन्सं त्या बाईला 'विनीताई' म्हणायच्या.

भाषांतराचं काम माझ्याकडे. मी इंग्रजी घेऊन बी.ए. ना! खरं सांगू? त्या लोकांचं बोलणं मला निम्मंअधिक कळायचंच नाही. मी ठोकून द्यायचे. पण हे काही ते पाप नव्हे — हे नखाएवढं.

सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना शौचाचं भांडं देणं, चादरी धुणं, पाठीच्या जखमा पुसणं — सगळं वन्सं करायच्या. मला त्या खोलीच्या दारातच मळमळायचं. पदर नाकाला लावून मी मागे फिरायचे. वन्सं हसायच्या. "तू जा गो, तुला नाही सोसायचं."

मग चिपळूणहून स्थळ आलं — चाळिशीच्या वन्संसाठी. विधुर दुकानदार, मुली उजवलेल्या, सभ्य माणूस. हे म्हणाले, ताईनं ठरवायचं. वन्सं येताजाता आरशात बघायला लागल्या, ते मी पाहिलं. तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? त्यांचं भलं होईल, हे? छे! आता भांडं कोण देणार, हे आलं.

त्याच सुमारास आलेल्या कॅसेटीत विनीनं दुसरं लग्न केलं, गावातल्या पोस्टमनशी. लग्न लागल्यावर ती मैत्रिणीजवळ बसून रडत होती. वन्सं अगदी टीव्हीला नाक लावून.

"काय म्हणत्ये गो ती?"

वन्सं विनीचं विचारत नव्हत्या — हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नाही म्हणायची सोय मला नाही.

आणि नेमका त्या दिवशी मला एकूण एक शब्द समजला. विनी आनंदानं रडत होती. म्हणत होती, इतकी वर्षं उगाच घाबरले, हे कधीच करायला हवं होतं.

मी सांगितलं, "म्हणत्ये, फसले. या वयात हे नको होतं करायला. जग हसतंय मला."

वन्सं उठल्या, सासूबाईंना भांडं द्यायची वेळ झाली होती. चिपळूणला नकार गेला. त्या दिवशी मी पोटभर जेवले. मागून भात घेतला! शी — आठवलं तरी माझ्याच त्या हाताची किळस येते मला. घाण त्या खोलीत होती, असं मी समजत होते.

विनी मालिकेत पुढेही होती, पोस्टमनबरोबर, मजेत. ती हसायला लागली की वन्सं माझ्याकडे बघायच्या. मी म्हणायचे, "सवय होते माणसाला." म्हणजे एकदाच नव्हे — दर कॅसेटीला.

सासूबाई पुढे बरीच वर्षं जगल्या. त्यांच्यामागून वन्सं गेल्या — विहिरीवरून आल्या, पडवीत टेकल्या आणि संपलं. त्यांना भांडं द्यायची वेळ माझ्यावर आलीच नाही. बाराव्याला आलेल्या बायका म्हणाल्या, "पुण्यवान हो. कुणाला म्हणून त्रास दिला नाही."

मी "हो ना" म्हटलं, आणि पानं वाढायला उठले.