शून्याखालचे ठिपके

बर्फ दिसला की तो चाखून पाहायची मला सवय आहे. घरचे हसतात, हसू देत. ही सवय बोईसरला लागली, एकोणीसशे साठच्या दशकात.

तेव्हा तारापूरकडे मोठं बांधकाम चाललं होतं आणि मी तिथे उमेदवारीवर होतो. कुंभवलीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या ताब्यात एक यंत्र होतं. काँक्रीटमध्ये पुरायच्या बारा तारांवरून ते तापमान घ्यायचं आणि कागदाच्या गुंडाळीवर ठिपके उमटवायचं. त्याची जोडणी मीच केली होती, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका. कुणी विचारलं नसताना मी साहेबांना सांगून टाकलं, "अगदी बिनचूक चालतं."

"मग दाखव," साहेब म्हणाले. "शनिवारी येतो. बर्फात शून्य आणि उकळत्या पाण्यात शंभर दिसलं पाहिजे. नाहीतर यंत्रही मुंबईला परत आणि तूही."

आमचा काचेचा थर्मामीटर येतानाच फुटला होता, तेव्हा सगळी भिस्त बर्फावर. तो मिळे तारापूरच्या बंदरावर, मासळी विकणाऱ्या एका मावशींच्या पेटीत. मंगळवारी पिशवीभर घेतला, सायकल हाणली, पण शेडमध्ये पोचेस्तोवर निम्म्याहून जास्त रस्त्यात ठिबकून गेला होता. बुधवारी मी त्यांच्यापुढे रडगाणं गायलो. "बगते मी," असं म्हणून त्यांनी पाठमोऱ्या बसून पिशवी भरली आणि वरून ओलं गोणपाट गुंडाळलं.

या वेळी बर्फ शाबूत आला. मी तो थर्मासमध्ये भरला, तारांची टोकं आत सोडली आणि वाट पाहिली. बाराही ठिपके शून्याच्या पाच अंश खाली! उकळत्या पाण्यात मात्र बरोबर शंभर. मग मी शहाणपणा केला. मागचा स्क्रू पिळून ठिपके शून्यावर आणले, तर उकळतं पाणी एकशे पाच दाखवायला लागलं. गोधडी तोकडी पडल्यासारखं झालं, डोकं झाकावं तर पाय उघडे. गुरुवारी नवा बर्फ आणला, शुक्रवारी सकाळी पुन्हा आणला, तरी तेच. शुक्रवारी दुपारपर्यंत मी मनातल्या मनात ट्रंक भरून ठेवली होती.

शेडमधलं माठातलं पाणी संपलं होतं. उन्हाने जीव कासावीस झाला, म्हणून पिशवीतला बर्फाचा खडा तोंडात टाकला. खारट! मी तो थुंकून टाकला, दुसरा चाखला. तोही खारट. मग मात्र मी एकटाच मोठ्याने हसलो आणि सायकल काढली.

"मावशी, बर्फात मीठ टाकता?"

"टाकते ना, दोन मुठी. तुमीच बोललात, वाटंत पानी होते. मासळीला आमी टाकतो, थंडी वाडते. तुमाला वेगला देऊ काय?"

मिठाने बर्फ शून्याच्या खाली जातो, हे मी शाळेत पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहूनही आलो होतो. माझ्यावरची त्यांची माया पाच अंश भरली होती आणि यंत्राने ती इमानदारीने लिहून ठेवली होती.

शनिवारी सकाळी बिनमिठाचा बर्फ दुहेरी गोणपाटात आणला. स्क्रू जोडणीच्या वेळी केलेल्या पेन्सिलच्या खुणेवर परत नेला. साहेब चष्मा कपाळावर चढवून कागदावर वाकले. बाराही ठिपके शून्यावर. उकळत्या पाण्यात शंभर. त्यांनी कागद फाडून खिशात घातला आणि म्हणाले, "सोमवारपासून तू कायम."

मी सायकलवरून गात गात बंदरावर गेलो आणि मावशींना सगळं सांगितलं. त्या सुरमई कापत होत्या. कोयता थांबवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे ती मशीन तीन दिस खरं बोलत होती, आन तुमी तिचाच कान पिळत होतात?"

सोमवारी शेडमध्ये गेल्यावर सगळ्यात आधी मी त्या यंत्रावरची धूळ पुसली.