दोघी विहिणी आणि एक फळी

आमच्याकडे घरोघरी ज्या संतांच्या चित्रांपुढे दिवा लावतात, ती चित्रं माझी बायको फाईना रंगवते आणि त्यासाठी लागणाऱ्या लाकडाच्या फळ्या मी करतो. क्ल्याझ्मा नदीकाठच्या या गावात असं काम करणारी आणखी एकच बाई आहे, रिम्मा. ती आमची विहीण. आमच्या मुलाला, ग्लेबला, अख्ख्या गावात तिचीच लेक सापडावी, हे फाईनाला अजून पचलेलं नाही. मठाचं काम रिम्माला मिळालं की फाईनाचं डोकं दुखायला लागतं, आणि रिम्मा फळी न्यायला आली की डोकं विसरून ही अंगणात हजर.

"चांगली दिलीस ना तिला, निवडून?" ती गेल्यावर मला विचारणार.

"गिऱ्हाईक आहे ती, फाईना."

"आणि मी? मोलकरीण?"

सून तायसियाला दिवस गेले तेव्हाच मी ओळखलं, आता आपली धडगत नाही. मूल जन्मलं की त्याच्या लांबीएवढीच फळी घ्यायची आणि तिच्यावर त्याच्या नावाचा संत रंगवायचा, ही आमची रीत. ते चित्र जन्मभर त्याच्या उशाशी असतं. एका मुलाला एकच चित्र, आणि इथे आज्या दोन, दोघींच्याही हातात कुंचला.

"तायसिया पहिला फोन आईलाच करणार," फाईना म्हणाली. "माप आधी रिम्माला कळणार. आपली फळी तयार पाहिजे."

"अगं, जन्माआधी बाळाचं काही आणत नाहीत. झबलंसुद्धा नाही. हे मी तुला सांगायचं?"

"फळी म्हणजे झबलं नाही!"

आणि चढली माळ्यावर. तिथे माझ्या लिंडनच्या लाकडाच्या फळ्या वर्षानुवर्षं वाळत पडलेल्या असतात. फळी निवडावी तर हिनंच, हे मी भांडणातसुद्धा कबूल करतो. बोटाच्या पेरानं ठोकून ऐकते, टोकाकडून बघून झाडाच्या वाढीच्या रेघा सरळ उभ्या आहेत ना ते तपासते, मग डोळे मिटून फळीवरून गाल फिरवते. गाठ असली की तिथला रंग आज ना उद्या तडकणार. तिनं नेमकी पांढरीशुभ्र, बिनगाठीची फळी उचलली.

"ती मठासाठी ठेवलीय," मी म्हणालो.

"म्हणजे रिम्मासाठीच ना, म्हाताऱ्या!"

जन्मला तेव्हा ग्लेब केवढा होता, ते तिला पाठ. त्यात वर अंगठाभर वाढवून तिनं फळी माझ्याकडून कापून घेतली. "माझ्या घरचं मूल आहे, ठेंगणं कसं होईल?" मागच्या आडव्या पट्ट्या बसवून झाल्या, पुढची चौकट कोरून झाली. त्या आठवड्यात तिनं रिम्माला रासबेरीचा मुरंबा पाठवला. तेव्हा मात्र मी घाबरलो.

दिवस भरायच्या कितीतरी आधी तायसियाला कळा सुरू झाल्या. ग्लेबचा फोन आला, मुलगा झालाय, तीखन नाव ठेवलंय, इस्पितळात काचेच्या पेटीत आहे, डॉक्टर काही खात्री देत नाहीत. फाईना चुलीपाशी बसली ती उठेचना.

"माझ्यामुळे झालं. मापाआधी फळी कापली मी."

"वेड लागलंय का तुला? मुलं सगळीकडेच आधी जन्मतात."

"विहिणीचं नाक कापायचं होतं मला. ते त्या पोराच्या जिवावर आलं."

मी पुष्कळ समजावलं. एक शब्द कानात शिरला असेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी रिम्मा आली. डोक्यावरचा रुमाल वाकडा, बोटाला दोरा गुंडाळलेला. नर्सनं बाळाचं माप सांगितलं, तेवढाच तिनं कापून आणला होता. "निकांद्र, एवढी एक फळी द्या," म्हणाली आणि दोरा टेबलावर ठेवला.

फाईनानं तो सरळ केला. हातभरसुद्धा नव्हता. तयार फळी छाटून चाललं नसतं, कोरलेली चौकटच गेली असती. मला वाटलं, आता इथे चित्र कुणाचं यावरून ठिणगी पडणार. पण फाईना माळ्यावर गेली. वरून तिच्या ठोकण्याचा आवाज येत राहिला. एक फळी, दुसरी, मग पुन्हा पहिली. खाली उतरली तेव्हा तिच्या हातात एक अरुंद, जुनी फळी होती. ती तिनं रिम्मापुढे धरली.

"तुम्हीही ठोकून बघा."

रिम्मानं ठोकली. "वाळलीय छान."

"संताचे कपडे आणि मागचा सोन्याचा वर्ख मी करते, विहीणबाई. चेहरा तुम्ही काढा." फाईना म्हणाली. "माझ्या हातचे संत रागावलेले दिसतात. मला दिसतं ते, मी कबूल करत नाही एवढंच. त्या पोराकडे रागानं बघणारं कुणी नको."

रिम्मा फळी छातीशी धरून रडायला लागली. फाईनाला राहवेना.

"आता रडताय काय? आणि नीट ऐकून ठेवा, पेटीतून बाहेर काढलं की त्याला आधी मी घेणार."