हरतालिकेला दिलेलं रक्त

क्रांती चौकाजवळच्या आमच्या सराव केंद्रात एक काचेची खोली आहे. यंत्र तिच्यातला ऑक्सिजन कमी करतं आणि आम्ही चारशे मीटरवाल्या मुली तिथं सायकलवर थोडा वेळ जीव तोडून पाय मारतो, थांबतो, पुन्हा मारतो. अशा हवेत रक्तातल्या लाल पेशी वाढतात, असं आमच्या प्रशिक्षक सरांचं ठाम मत. माझं हिमोग्लोबिन पहिल्यापासून कमी, त्यामुळे ही खोली जणू माझ्यासाठीच आणली अशा थाटात ते बोलायचे. महिनाभराच्या सरावानंतर रक्त तपासून राज्याच्या संघासाठी नावं जाणार होती.

ती तपासणी नेमकी हरतालिकेला आली. सरांना उपास चालत नाहीत आणि आईला हरतालिका मोडलेली चालत नाही. आमच्याकडे लग्न न झालेल्या मुलीसुद्धा पाण्याचा थेंब घेत नाहीत, कशासाठी तर चांगला नवरा मिळावा म्हणून. मला नवरा नको होता, संघ हवा होता. पण गावी पाचोडला फोन लावून आईशी वाद घालण्यापेक्षा तहान परवडली. सरांना यातलं काही सांगितलं नाही. शेवटच्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी आली, तशीच उतरले आणि रक्त दिलं.

संध्याकाळी अहवाल आला. हिमोग्लोबिन चांगलंच वाढलं होतं, मी उडीच मारणार होते. सर मात्र हसले नाहीत. बाकी कुणाचंच वाढलं नव्हतं.

"रक्त वाढवायला काय टोचून घेतलंस?" त्यांनी विचारलं.

मी उपासाचं सांगितलं. अंगात पाणी नसलं की रक्त दाट दिसतं हे त्यांनाही ठाऊक होतं, पण सापडल्यावर प्रत्येकाला कारण सुचतं, म्हणाले. दोन दिवसांनी पुन्हा तपासू, तोवर मैदानात यायचं नाही. तेव्हाही वाढलेलंच निघालं तर नाव विसर. मला इतका राग आला की रडूसुद्धा येईना.

मी तांब्यावर तांबे पाणी पीत होते आणि मनात एकच धास्ती होती. त्या खोलीनं खरंच माझं रक्त वाढवलं असेल तर? मग मी चोर ठरणार. गणपती बसले त्या दिवशी मी हात जोडले आणि मागितलं ते हे, की महिनाभर छाती फुटेस्तोवर केलेली मेहनत वाया गेलेली असू दे. असलं मागणं देवाकडे कुणी मागितलं असेल असं वाटत नाही.

फोनवर सगळं ऐकून दुसऱ्या दिवशी आई पहिल्या एस.टी.नं आली. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसली. अहवाल आला. रक्त महिन्यापूर्वी होतं तेवढंच होतं. सरांनी तो पुन्हा पुन्हा वाचला, मग नाव पाठवतो म्हणाले, गैरसमज झाला म्हणाले.

आई उठली. "सर, उपास म्या धरायला लावला व्हता. पन पोरगी खरं बोलती, हे मला रक्त न काढताच कळलं व्हतं."

आणि दोन दिवस अडलेलं माझं रडू तिथं, सगळ्या लोकांसमोर फुटलं.