गांडुळाच्या स्लाइड्स कोणी केल्या?

काल, मंगळवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी शैला बर्वेची चोरी झालेली मी पाहिली.

स्लाइड्सच्या पेट्या कपाटातच आहेत. तिचं नाव गेलंय.

काल शैलाला जाऊन एक वर्ष झालं. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये ती असिस्टंट होती, मी शिकवायचे. मुली मायक्रोस्कोपखाली गांडुळाचा आडवा छेद बघतात, ते सगळं तिचं काम. मेणात बसवून पापुद्र्यासारखा कापायचा, रंगवायचा, मग अल्कोहोलच्या एकेका बाटलीतून नेत त्यातलं पाणी काढायचं.

भैरवगढला, कापडावर ठसे छापणाऱ्यांच्या शेजारात वाढलेली. रंगाच्या कामात घाई तिला खपत नसे.

एकदा मी म्हटलं, मधली एक बाटली सोडून देऊ.

"मॅडम, तुमच्या कॉन्व्हेंट शाळेत लाइन तोडलेली चालायची का?"

मी तिच्या नकळत एक स्लाइड तशीच केली. दुधाळ झाली. तिने ती उजेडाला धरली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

काल तिच्या फोटोला हार घालायला विभागात बोलावलं होतं. भाषणात विभागप्रमुख तिला "बड़ी मेहनती हेल्पर" म्हणाले. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

कोपऱ्यात एक मुलगी मायक्रोस्कोपशी झगडत होती. हाय पॉवरवर फोकस होईना. मी स्लाइड काढून पाहिली.

नवंकोरं, छापील लेबल. 'निर्मिती' म्हणून शैलाऐवजी विभागप्रमुखांचं नाव.

आणि लेबल चुकीच्या बाजूला. मुलगी बिचारी लेबल वर ठेवणार, म्हणजे छेदावरची पातळ काच, कव्हरस्लिप, खाली जाणार. मग लेन्स तिथवर पोचणार कशी? मी स्लाइड उलटली. गांडूळ लख्ख दिसलं.

पेटीतल्या बाकीच्या बघितल्या. बहुतेक तशाच.

ज्याने स्वतःच्या हाताने कव्हरस्लिप बसवली, तो बाजू विसरेल?

मी तिथेच विचारलं. साहेब हसले.

"अरे मॅडम, लेबल ही तो है. पुराने घिस गए थे."

घिस गए, मान्य. मग नाव का बदललं? जुनी लेबलं कुठे आहेत? आणि हे सगळं कॉलेजचं इन्स्पेक्शन तोंडावर आल्यावरच कसं सुचलं?

संध्याकाळी नानाखेड्याला शैलाच्या मुलीकडे गेले. सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "मावशी, म्हणजे आता आईचं नाव कुठेच नाही?"

मला तिच्याकडे बघवेना.

शैला, तुला अगदी मनापासून नमस्कार.

विभागप्रमुखसाहेब, या स्लाइड्स कोणी केल्या ते मला लेखी कळवा. फोन नको, चहाला बोलावणं नको. येत्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत. सहीनिशी.